पहिल्या दिवसाचा तवा



जाहिरातींची भाषा हा आपला या महिन्याचा विषय. आज आम्ही सोबत एक पुरावा आणलाय. हा बघा. हा आमच्या घरातला नॉनस्टिक तवा. मागच्या रांगेत दिसतोय ना? मधोमध रुपयाएवढा पांढरट डाग आहे, तो डाग म्हणजे खालचं ॲल्युमिनियम. कंपनीचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण मुद्दा एका कंपनीचा नाही. टीव्हीवर जाहिरात बघून घेतला. खोक्यावर ‘आयुष्यभराची साथ’ असं छापलं होतं. तव्यानं दीड वर्ष साथ दिली. आमचं आयुष्य अजून चालू आहे. (हशा)

आम्ही तक्रार केली. उत्तर अगदी नम्र होतं: वॉरंटी उत्पादनातल्या दोषासाठी आहे, ओरखडे, झीज आणि जास्त आच यांचा तिच्यात समावेश नाही. आम्ही पत्रक काढून पाहिलं, तर खरंच तसं लिहिलं होतं. खोक्यावर मोठ्या अक्षरात आयुष्य आणि आत बारीक अक्षरात झीज. आज आपल्याला या दोन अक्षरांमधल्या अंतराबद्दल बोलायचंय.

आपण कथेचं वाचन करतो, तसं या जाहिरातीचं करू. दृश्य तुम्हाला पाठ असेल. काळाभोर पॅन. त्यात अंडं पडतं, शिजतं आणि पॅन तिरका केला की सरकत ताटलीत येतं. मग चीज जाळतात, तेही कागदानं पुसून निघतं. मग कुणीतरी लोखंडी काटा घेऊन पॅनवर खरखरा ओढतं. ओरखडा नाही!

आता यात काय दिसत नाही ते बघा. पॅनचं वय दिसत नाही. आच किती आहे ते दिसत नाही. चीजमध्ये स्वतःचीच चरबी असते, हे कुणी सांगत नाही. हे सगळं खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. ते खरं आहे, पण पहिल्या दिवसापुरतं खरं आहे. आणि तवा आपण पहिल्या दिवसासाठी विकत घेत नाही.

थोडा इतिहास बघू, कारण वस्तू कशी आहे ते कळल्याशिवाय तिच्या जाहिरातीवर बोलणं बरोबर नाही. १९३८च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतले रॉय प्लंकेट फ्रिजसाठी लागणाऱ्या वायूंवर काम करत होते. एका सिलिंडरमधून वायू येईना, म्हणून सिलिंडर कापून पाहिला, तर आत पांढरी, मेणासारखी भुकटी. तिचं रासायनिक नाव पॉलिटेट्राफ्लुरोएथिलीन, थोडक्यात पीटीएफई. बाजारात ती टेफ्लॉन म्हणून आली. पुढं फ्रान्समध्ये मार्क ग्रेगवार या इंजिनिअरनं १९५४च्या सुमारास ती ॲल्युमिनियमच्या भांड्यावर बसवून दाखवली आणि १९५६मध्ये टेफाल कंपनी निघाली. टेफ्लॉनचं टेफ, ॲल्युमिनियमचं अल.

इथं लहान मुलं विचारतात तो प्रश्न येतो: ज्याला काहीच चिकटत नाही, ते तव्याला कसं चिकटतं? उत्तर असं, की ते फारसं चिकटत नाहीच. धातू आधी खरबरीत करतात, म्हणजे त्याला बारीक खाचा पडतात. त्या खाचांमध्ये पहिला थर अडकून बसतो आणि त्याच्यावर पुढचे थर चढवतात. हा गुण आणि हा दोष एकाच पोटातून आलेले आहेत. ज्या मवाळपणामुळं घावण सुटतं, त्याच मवाळपणामुळं लोखंडी उलथणं थराला लागतं. ‘चिकटतही नाही आणि झिजतही नाही’ असं दोन्ही सांगणारी जाहिरात म्हणून पहिल्यापासूनच अडचणीत असते.

आपल्या महाराष्ट्राचा या गोष्टीशी जुना संबंध आहे. १९६८मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, भोगले कुटुंबानं ‘निर्लेप’ सुरू केलं. कित्येक घरांत आजही कुठल्याही कंपनीच्या नॉनस्टिक तव्याला ‘निर्लेप’च म्हणतात. २०१८मध्ये ती कंपनी बजाज इलेक्ट्रिकल्सनं घेतली, तरी शब्द आपल्याकडेच राहिला. शब्द सुंदर आहे: ज्याला काही लिंपत नाही ते निर्लेप. पण भाषेतला निर्लेपपणा कायमचा असतो, तव्यावरचा मुदतीचा.

आता जाहिरातीतली वचनं एकेक घेऊ.

पहिलं वचन, चिकटत नाही. नवीन असताना पूर्ण खरं. ऑम्लेट, धिरडं, घावण, डोसा यांना हा तवा छान. नवशिक्यालाही जमतं, आणि ही लहान गोष्ट नाही. एकट्यानं स्वयंपाक शिकणाऱ्या मुलाला पहिलं धिरडं अख्खं निघालं की पुढं करावंसं वाटतं. याचं श्रेय तव्याला दिलंच पाहिजे.

दुसरं वचन, तेल कमी लागतं. हेही बरंच खरं, पण ज्या पदार्थात तेल फक्त सुटण्यासाठी असतं तिथंच. भरल्या वांग्यातलं तेल चवीचं असतं, तिथं तव्याची हुशारी चालत नाही.

तिसरं वचन, टिकतो. इथं जाहिरात सगळ्यात कच्ची. जाहिरातीत ऑम्लेट असतं, आपल्याकडे पोळी असते! दोन पोळ्यांच्या मधे कोरडा तवा आचेवर तापत राहतो आणि २०० अंश सेल्सिअसच्या पुढं सहज जातो. भाकरीला तर त्याहून कडक तवा लागतो. मग गरम तवा थेट नळाखाली धरला जातो, सिंकमध्ये तारेची घासणी फिरते आणि रात्री रॅकमध्ये त्याच्यावर कढई बसते. यात भांडी घासणाऱ्या मावशींची काही चूक नाही. स्वयंपाकघर असंच चालतं. जी वस्तू स्वयंपाकघरात स्वयंपाकघरासारखं वागलेलं सहन करत नाही, तिनं ते खोक्यावर मोठ्या अक्षरात सांगायला हवं.

याच वचनाचा नवा अवतार म्हणजे मोठे आकडे. अमेरिकेतल्या एका जाहिरातीत कोटिंग ३०,००० अंश फॅरनहाइटला बसवल्याचा दावा होता. म्हणजे साधारण साडेसोळा हजार अंश सेल्सिअस. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजारांच्या आसपास आहे आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. आता उद्योगात अतितप्त वायूच्या झोतातून कण फवारण्याची पद्धत आहे, त्यामुळं असा आकडा ऐकूनच हसण्याचं कारण नाही. पण आकडा कशाचा आहे ते विचारा. तो कारखान्यातल्या झोताचा आहे. तुमच्या गॅसवर तवा किती वर्षं टिकेल, याचा तो नाही. आपल्याला एक प्रश्न पडलेला असतो आणि आकडा भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

ग्रॅनाइट, मार्बल, स्टोन या शब्दांचंही तसंच. बहुतेक ‘ग्रॅनाइट’ तव्यांवर ठिपक्यांचं पीटीएफईच असतं. कधी त्यात खनिजाची पूड मिसळलेली असते, पण दगडाचा तवा तो नव्हे. सिरॅमिकची गोष्ट वेगळी. ते वाळूतल्या सिलिकापासून केलेलं काचेसारखं कोटिंग, त्यात पीटीएफई नसतं आणि आचही ते जास्त सोसतं. पण त्याचा गुळगुळीतपणा साधारणपणे पीटीएफईच्या आधीच जातो. हे सिरॅमिकच्या जाहिरातीत येत नाही.

चौथं वचन, सुरक्षित आहे. इथं घाबरवणं सोपं आहे, म्हणून आम्ही सावकाश बोलतो. पीटीएफईचा सुटलेला कण पोटात गेला तर तो पचत नाही, तसाच बाहेर पडतो असं मानलं जातं. खरी काळजी तापमानाची. २६० अंशांच्या पुढं कोटिंग खराब व्हायला लागतं आणि ३५०च्या आसपास त्याचं विघटन चांगलंच होतं. त्या धुरानं माणसाला तापासारखं आजारपण येऊ शकतं आणि घरातले लव्हबर्ड मरू शकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत सावधगिरीची रेषा आणखी खाली, १७० अंशांवर ठेवली आहे. रिकामं भांडं आचेवर ठेवू नका आणि कोटिंग खराब झालं की भांडं काढून टाका, असंही त्यात आहे. आता घरात थर्मामीटर कुणाकडे असतो? खूण सोपी आहे. शेंगदाण्याच्या रिफाइंड तेलातून धूर यायला लागला, की तुम्ही २३०च्या आसपास पोचलात. म्हणजे बराच उशीर झाला.

आणि आता खोक्यावरचा सगळ्यात ठळक शिक्का, ‘पीएफओए-फ्री’. हे काय होतं? पीटीएफई बनवताना कारखान्यात वापरायचं एक मदतनीस रसायन. तयार तव्यात ते जवळपास उरतच नसे. अमेरिकेत आठ मोठ्या कंपन्यांनी सरकारी कार्यक्रमाखाली २०१५पर्यंत त्याचा वापर थांबवला. म्हणजे हा शिक्का खरा आहे, पण शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल-फ्री’ लिहावं तसा. (हशा) वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल होतंच कधी? वाचणाऱ्याला मात्र वाटतं, की तव्यात आता फ्लोरिनचं रसायनच नाही. पीएफओए नसलेल्या तव्यावर पीटीएफई खुशाल असू शकतं.

पण हा शिक्का आम्हाला फक्त हसण्यावारी न्यायचा नाही, कारण त्याच्यामागं माणसं आहेत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँचा कारखाना. पीएफओए तिथून पाण्यात गेलं. एका शेतकऱ्याच्या गायी मरायला लागल्या आणि वकील रॉब बिलॉट यांनी खटला उभा केला. पुढं सुमारे ६९,००० लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांतून मोठा अभ्यास झाला. मूत्रपिंड आणि वृषणाच्या कर्करोगासह सहा आजारांशी पीएफओएचा संबंध संभवतो, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला. २०१७मध्ये सुमारे साडेतीन हजार दाव्यांवर ६७ कोटी डॉलरची तडजोड झाली. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं पीएफओएला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

आणि हे फक्त तिकडचं राहत नाही. इटलीत व्हिचेन्झाजवळ मितेनी नावाचा कारखाना होता. त्यानं याच कुळातल्या रसायनांनी मोठ्या भागाचं पाणी बिघडवलं, २०१८मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि जून २०२५मध्ये तिथल्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रं एका भारतीय कंपनीनं विकत घेतली. ती आली रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे परशुरामला. तिथं तव्याचं कोटिंग बनतं किंवा तिथलं पाणी बिघडलं, असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच म्हणतो, की ‘सुरक्षित’ या शब्दाला ‘कुणासाठी?’ असं विचारायला हवं. ऑम्लेट खाणाऱ्यासाठी तवा बहुतेक सुरक्षित असतो. कारखान्याच्या खालच्या अंगाला विहीर असलेल्या माणसाचं काय, हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मग निकाल काय? नॉनस्टिक तवा ही वाईट वस्तू नाही. ती संपणारी वस्तू आहे, झाडूसारखी, गाळणीसारखी. झाडू आयुष्यभर टिकेल असं कुणी सांगितलं, तर आपण हसू. तव्याबाबत मात्र आपण हजारो रुपये देतो, कारण तो भांड्यांच्या दुकानात पातेल्याशेजारी ठेवलेला असतो आणि पातेलं खरंच आजीपासून नातीपर्यंत जातं. जाहिरातीनं आपल्याला फसवलं ते इथं, संपणारी वस्तू टिकणाऱ्या वस्तूच्या भावानं विकून.

चिठ्ठ्या आल्या आहेत, दोन घेतो.

एका ताईंनी विचारलंय, ‘घरातले नॉनस्टिक तवे टाकून देऊ का?’ नाही, ताई. कोटिंग धड असेल तर मध्यम आचेवर, लाकडी उलथण्यानं, घावण-धिरड्यासाठी वापरा. रिकामा तापवू नका. धातू दिसायला लागला, की मात्र आमच्या तव्यासारखं करा, व्याख्यानाला घेऊन या. (हशा) नवा घेताना मधल्या किमतीचा घ्या. आणि खोक्यावर ‘काय नाही’ याची यादी असेल, तर दुकानदाराला ‘मग काय आहे?’ असं विचारा.

दुसरी चिठ्ठी आहे, ‘तुम्ही आता काय वापरता?’ पोळी-भाकरीला लोखंडी. घावणाला बिडाचा, कोकणात वापरतात तसा. पहिले पंधरा दिवस त्यानं आम्हाला रडवलं, घावणाचे तुकडे खाल्ले. रोज तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवत राहिलो, तेव्हा कुठं तो सुटायला लागला. आता चांगला सुटतो. त्याची जाहिरात कुणी करत नाही, कारण तो पहिल्या दिवशी अगदी वाईट दिसतो.

तवा इथं टेबलावर ठेवतोय, ज्यांना तो डाग जवळून बघायचाय त्यांनी जरूर बघा.