सुपरमॅनचा रहिवासी दाखला

मी बी. कॉम. आहे. नाट्यसमीक्षेला ही पदवी पुरत नाही, असं आमच्या शाखेतल्या एम. ए. मराठी झालेल्या शिपायाचं मत आहे. पण हिशेब कशाचाही मांडता येतो अशी आम्हा कॉमर्सवाल्यांची श्रद्धा असते, आणि एकपात्री प्रयोग म्हणजे तर सरळ हिशेबच. कलावंत एक, पात्रं अनेक. मधली तूट प्रेक्षकानं भरून द्यायची.

गेल्या हिवाळ्यात किनवटला एका स्नेहसंमेलनात असा प्रयोग पाहिला. कलावंत बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा. सगळं सामान म्हणजे एक लाल टॉवेल. तो पाठीवर सोडला की सुपरमॅन, खांद्यावर घेतला की पुढारी आणि डोक्याला गुंडाळला की तुम्ही-आम्ही. सुपरमॅन किनवट स्टेशनच्या पत्र्यावर उतरतो आणि टपरीवाला त्याला विचारतो,

"कुठून येऊलालाव भाऊ?"

"क्रिप्टॉनहून."

"ते हिमायतनगरच्या अलीकडं का पलीकडं?"

मग सुपरमॅनला रहिवासी दाखला लागतो. तो सांगतो, माझा ग्रह नष्ट झाला. साहेब म्हणतात, "तसं तलाठ्याचं पत्र आणा." पुढं दोन पक्षांचे पुढारी त्याच्या मागं लागतात. "उडायला येतं ना? मग झालं तर! आमच्याकडं सध्या उडून आलेल्यांचीच चलती आहे." प्रेक्षक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते.

आता तुम्ही म्हणाल, सुपरमॅन आणि निवडणूक हा काय पोरखेळ. पण आम्हा किनवटकरांना तो तसा वाटत नाही. आमचा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. पुढं त्याच आदिलाबादच्या राज्यात, पडद्यावर राम आणि कृष्ण झालेल्या एन. टी. रामाराव यांनी 1982 साली पक्ष काढला आणि नऊ महिन्यांत, जानेवारी 1983 मध्ये, ते मुख्यमंत्री झाले. देवाला नवस बोलण्याऐवजी थेट मतच देण्याची सोय झाली. सीमेची रेघ हलली नसती, तर त्या रांगेत आमचे वडीलही उभे असते. आपल्याला कुणीतरी आकाशातून येऊन वाचवणार ही समजूत अमेरिकेतल्या चित्रकथांची एकट्यांची नाही. आपण फक्त टॉवेलचा रंग बदलतो.

तेव्हा विषय चोख होता. समीक्षक म्हणून माझी तक्रार दुसरीच आहे. पुढाऱ्याच्या नकलेला सगळ्यात मोठ्यानं हसत होते ते पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे, आणि ते स्वतः पुढारीच होते. विनोद इतका सार्वजनिक होता, की ही विरोधकाचीच नक्कल आहे असं प्रत्येक पक्षाला खुशाल समजता यावं. पाहुण्यांनी नंतर पोराला पाचशेचं बक्षीस दिलं. ज्याला चिमटा काढायचा तोच बक्षीस देत असेल, तर चिमटा कुठं बसला हे तपासायला हवं.

उलट टोकही आपण पाहिलं आहे. मार्च 2025 मध्ये कुणाल कामरा यांच्या एका विडंबनगीतात उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा अपमान झाला, असं म्हणत शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत मोडतोड केली. विनोद खुर्चीवर झाला होता, मोडतोड मात्र प्रेक्षकांच्या जागेची झाली. एकट्या माणसाच्या बोलण्याची एवढी धास्ती! म्हणजे त्या विनोदाला दात होते म्हणायचे. आमच्या पोराच्या विनोदाला दुधाचेच होते. मोडतोड झाली नाही याचा आनंद मानावा, की त्याच गोष्टीची काळजी करावी, हे मला ठरवता येईना.

माझी फूटपट्टी कोणती ते सांगून टाकतो. शाळेत असताना नांदेडला लक्ष्मणराव देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पाहिलं होतं. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस एकटा बावन्न पात्रं उभी करायचा, तीही आपल्या मराठवाड्याच्या बोलीत. गिनीज बुकानं त्याची नोंद घेतली. 2009 साली ते गेले; पुढं संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुन्हा रंगमंचावर आणला. त्या वऱ्हाडात सुपरहिरो एकही नव्हता. होता तो आपलाच मामा, आपलीच आत्या, विमानात बसायला बावरलेली. आपण हसत होतो ते स्वतःला. सुपरहिरोच्या गोष्टीत एक माणूस मोठा व्हावा म्हणून हजार माणसं लहान होतात. लक्ष्मणरावांच्या प्रयोगात एक माणूस नाहीसा होऊन बावन्न मोठी व्हायची. पुढाऱ्याला हसणं त्या मानानं स्वस्त. रक्कम दुसऱ्याच्या खात्यातून जाते.

हे सगळं मनात जुळवून मी पोराला दहापैकी साडेचार गुण देऊन बसलो होतो. तेवढ्यात सुपरमॅन अनुदानाच्या पैशांसाठी बँकेच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढं एक म्हातारी. पोरानं टॉवेलची घडी करून टेबलावर ठेवली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पेन कानावर अडकवलं आणि वर न बघता म्हणाला, "मावशी, सर्व्हर डाउन आहे. उद्या या."

सुपरमॅन म्हणतो, "मी पृथ्वी उलटी फिरवून कालचा दिवस आणू शकतो."

"आणा की. काल पण डाउनच होतं."

मंडप हादरला. शेजारी आमच्या सौ. डोळे पुसत होत्या. मी सहज हात वर नेला तर कानावर पेन होतं. रविवारीसुद्धा!

नंतर पोरगा चहाच्या टेबलाशी भेटला. मी मोठेपणानं पाठ थोपटली. तो नम्रपणे म्हणाला, "काका, ती माझी आजी होती. तांड्यावरून तीनदा आली होती."

मी आठवून पाहिलं. दोनदा सर्व्हर खरोखरच बंद होता. तिसऱ्यांदा तो चालू होता. डाउन मी होतो.

सोमवारी नेमका सर्व्हर पुन्हा बसला. मी तसं सांगितलं तर सगळी रांग खो खो हसली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वाक्याला हशा मिळाला, आणि तोही खरं बोललो तेव्हा. उठून बाहेर आलो, रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आतल्या खुर्च्या मांडल्या, चिठ्ठीवर नंबर लिहून दिले. सव्वा वाजता यंत्र जागं झालं, दोन वाजता मी जेवलो. यात सुपरमॅनसारखं काही नाही. खुर्च्या तशा हलक्याच होत्या.

असो. समीक्षेच्या शेवटी निर्णय द्यावा लागतो. संहिता मध्ये सैल, राजकीय भाग निरुपद्रवी, आवाजाची फेक उत्तम, एक पात्र हुबेहूब. शेवटच्या मुद्द्याखाली मी सही-शिक्क्यासह साक्षांकन करून द्यायला तयार आहे. उद्या या म्हणणार नाही.