लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आई : पाहुणी की कामकरी?

मागच्या वेळी आपण जात्यावरच्या ओव्यांपाशी थांबलो होतो. आज तिथूनच पुढे जाऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांच्या पुढाकाराने एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. अशा ओव्या वाचताना एक वाट पुन्हा पुन्हा दिसते. लेक सासरहून माहेरी येते, भाऊ न्यायला जातो, आई वाट बघते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. आईने उलट जायची सोय नव्हती; लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं कित्येक घरांत पाळत.

आता पुण्या-नाशिकची आई डिंकाचे लाडू आणि आळीव बॅगेत भरते आणि न्यू जर्सीला लेकीकडे राहायला जाते. वाट उलटली. आपल्या लेखनात हे कसं आलं? आमचं म्हणणं असं की, ते जवळजवळ आलंच नाही.

दिवाळी अंकांतले, पुरवण्यांतले ते 'लेकीकडे सहा महिने' छापाचे लेख आठवा. नायगारा येतो, स्वच्छ रस्ते येतात, मॉलमधली फजिती येते. (मागे एकटे राहिलेले बाबा विनोदापुरते.) पण रात्री तीन वाजता बाळाला कोणी घेतलं, लेकीला शेक कोणी दिला, स्मोक अलार्म वाजेल म्हणून धुरी कशी सोडून द्यावी लागली, याला जागा नाही. ज्या बाळंतपणासाठी ती गेली, तेच लेखात नाही!

घरच्या कामात लिहिण्यासारखं काय, असं यावर म्हणतात. आम्हाला ते पुरत नाही. पर्यटक व्हिसा बघा. मुक्काम सहसा सहा महिन्यांपर्यंत, आणि नोकरीला मनाई. म्हणून 'बाळंतपण करायला चाललेय म्हणू नकोस, भेटायला म्हण', असं लेकी आईला बजावतात. तोच शब्द मग लेखातही येऊन बसतो. तिकडच्या १९९३च्या कायद्याने मिळते ती १२ आठवड्यांची रजा, तीही बिनपगारी, आणि सगळ्यांना लागू नाही. मधली पोकळी भरायला आई. कागदावर ती पर्यटक. आपण साहित्यातही तिला पर्यटकच ठेवलं.

ओवी इथे जास्त प्रामाणिक होती. तिच्यात भावजय आहे. नणंद बाळंतपणाला आली की कामाचा भार तिच्यावरही पडायचा. ओव्या तिला टोमणे मारतात, तिचं वाकडं तोंड दाखवतात, पण तिला लपवत नाहीत. लेकीच्या फ्लॅटमध्ये भावजय नाही, शेजारीण नाही, बाळाला न्हाऊ घालणारी बाई नाही. सगळं एकट्या आईवर, तेही मीठ कुठल्या कपाटात आहे हे विचारत. घर लेकीचं आणि जावयाचं. आई म्हणणार सव्वा महिना बाहेर पडू नकोस. डॉक्टरने तर चालायला सांगितलेलं. माहेरी आईचा शब्द चालला असता. इथे अनुभव तिचा, अधिकार लेकीचा, आणि दोघींची झोप झालेली नाही. कादंबरीला पुरेल एवढा झगडा आहे हा.

यंदाच्या दिवाळी अंकात असा लेख आला, तर आम्हाला नायगाऱ्याचं पान नको. पहिल्या आठवड्यात त्या आईने लेकीला काय विचारून केलं आणि काय न विचारता केलं, ते पान हवं.