आदिवासी साहित्य : एकवचन आणि अनेकवचन

मराठी समीक्षेत ‘आदिवासी साहित्य’ ही संज्ञा आज रूढ आहे. 1979 मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले आणि दुर्लक्षित समूहांना वाङ्मयीन ओळख मिळाली. तथापि या एकवचनाखाली अनेक भाषा व कथनपरंपरा झाकल्या गेल्या. या मर्यादेचा विचार होणे अगत्याचे आहे.

2011 च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 25.6 टक्के आहे. कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली या जमातींचे दैवत-कथा-गीतांचे विश्व एकसारखे नाही. कोकणांच्या थाळकथेत काशाच्या थाळीवर मेणाने काडी बसवून ती बोटांनी ओढली जाते व त्या सलग नादावर कथा गायिली जाते. वारली भगत घांगळीच्या साथीने गातो. अशा कथनांची गणना ‘लोकसाहित्या’त होते, मराठीत छापलेली कविता मात्र ‘साहित्य’ ठरते. हा भेद वाङ्मयीन गुणवत्तेचा नसून मुद्रणाचा आहे.

वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ (1987) हा संग्रह याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. विद्रोहाची कविता म्हणून त्याचा गौरव झाला, तो रास्तच आहे. परंतु भिली भाषेची लय व वाक्यरचना त्यातील मराठीला कोणते वळण देते, हा प्रश्न आशयाच्या चर्चेत मागे पडतो.

एकवचनामुळे चळवळीला बळ मिळते, असा युक्तिवाद केला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु ऐक्यासाठी वैविध्य पुसावेच लागते असे नाही. इक्वाडोरमध्ये 1986 साली स्थापन झालेल्या मूलनिवासींच्या महासंघाने आपल्या नावातच ‘राष्ट्रीयत्वे’ हे अनेकवचन धारण केले. 2008 च्या तेथील संविधानाने राज्याला बहुराष्ट्रिक म्हटले आणि स्पॅनिशसोबत किचवा व शुआर यांना आंतरसांस्कृतिक संबंधांच्या अधिकृत भाषा मानले. भारतात 2003 च्या 92 व्या घटनादुरुस्तीने संथाळी व बोडो आठव्या अनुसूचीत आल्या. 2011 च्या जनगणनेत एक कोटीहून अधिक भाषकांची नोंद झालेली भिली मात्र तिच्याबाहेरच आहे.

संविधानातील स्थान समीक्षेच्या हाती नाही. पाठ्यक्रमातील स्थान मात्र बऱ्याच अंशी तिच्या हाती आहे. मूळ भाषेतील संहिता मराठी अनुवादासह समोरासमोर छापणे, जमात व गायक यांची नोंद करणे आणि थाळकथेला काव्यशास्त्राचे निकष लावणे एवढे तरी तिने करावयास हवे. अन्यथा सुरगाण्याच्या विद्यार्थ्याला वर्गात स्वतःच्या समाजाचे दुःख भेटेल, त्याची भाषा भेटणार नाही.