तंबोऱ्याची गवसणी

‘आकाशाला गवसणी घालणे’ हा वाक्प्रचार आपण नित्य वापरतो; परंतु गवसणी ही मुळात वाद्यावर घालावयाची कापडी खोळ, हे आज कितीजणांच्या ध्यानात असते? बैठक संपली की तंबोऱ्याच्या तारा किंचित उतरवाव्यात, त्यास गवसणी घालावी आणि मगच गवयाने आपली शाल उचलावी, अशी जुन्या घरांतील रीत होती. गेल्या मार्गशीर्षात सायली येथे एका देवळाच्या सभामंडपात झालेल्या गायनास आम्ही उपस्थित होतो. तेथे गवसणी होती, गवसणीत तंबोराही होता. परंतु सबंध संध्याकाळभर तो बाहेर निघाला नाही. त्या बैठकीविषयी, आणि तिच्या निमित्ताने विमानातून वाद्य नेण्याच्या प्रश्नाविषयी, चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सायली हे दादरा व नगर हवेलीतील, सिल्वासाच्या जवळचे गाव. आजूबाजूस कारखान्यांची दाट वस्ती असून नोकरीनिमित्त आलेली मराठी आणि कोकणी कुटुंबे येथे बऱ्यापैकी आहेत. या भूमीचे आणि संगीताचे नाते जुने आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले. त्या लढ्यात संगीतकार सुधीर फडके प्रत्यक्ष सामील झाले होते आणि लढ्याच्या साहाय्यार्थ लता मंगेशकर यांनी पुण्यात गायनाचा कार्यक्रम केला होता. मंगेशीचे नाव आडनावात वागविणाऱ्या त्या घराण्याचा आणि आमच्या देवस्थानांचा संबंध वाचकांस वेगळा सांगावयास नको. अशा ठिकाणी गाण्याची हेळसांड झाली, तर ती इतर कोठल्याही गावापेक्षा अधिक बोचते.

हेळसांड कोणी मुद्दाम केली नव्हती. गायिका गोव्याहून आल्या होत्या. यजमानांनी काटकसर म्हणून स्वस्त विमानाचे तिकीट धाडले. मुंबईस उतरून पुढचा रस्ता मोटारीने. बाईंनी जोडीतील एकच तंबोरा बरोबर घेतला, त्यास जाड गवसणी घातली, वरून कठीण पेटी घेतली आणि पेटीवर ‘नाजूक’ अशी चिठ्ठीही लावून घेतली. मुंबईच्या फिरत्या पट्ट्यावरून पेटी आली तेव्हा ती वरून धड दिसत होती. सायलीस पोहोचल्यावर ती उघडली. भोपळा आणि गळा जेथे जुळतात तेथून खाली, वीतभर लांब, केसाएवढी बारीक चीर गेलेली होती. “पळयात, चीर पडल्या,” एवढेच बाई म्हणाल्या आणि त्यांनी गवसणीची नाडी पुन्हा बांधली. कंपनीचे नाव आम्ही येथे देत नाही, कारण दोष एका कंपनीपुरता आहे असे आम्हांस वाटत नाही.

मग कोणीतरी विजेवर चालणारा तंबोरा आणला आणि त्यास ध्वनिवर्धक जोडला. सायंकाळची वेळ पाहून बाईंनी मारव्याने आरंभ केला. जाणकारांस ठाऊक आहे की मारव्यात पंचम वर्ज्य आहे आणि सारे गाणे कोमल ऋषभ व शुद्ध धैवत यांच्याभोवती फिरते. षड्ज असतो, पण गवई त्यास टाळत, हुलकावण्या देत राहतो, आणि फार वेळाने त्यावर येऊन विसावतो. म्हणून या रागात तंबोऱ्यावरील षड्ज देव्हाऱ्यातल्या समईसारखा हवा. तो आहे हे जाणवावे, त्याने डोळे दिपू नयेत. मागे बसलेली शिष्या हे काम बोटांनी करते. गायिका ऋषभावर थांबली की ती तारेवरचा भार हलका करते, गाणे चढले की भरीव छेडते. यंत्रास यांतले काहीच कळत नाही. ते बेसूर होते असे आम्ही म्हणत नाही. ते काटेकोर सुरात होते. परंतु त्याचा षड्ज प्रथमपासून अखेरपर्यंत एकाच वजनाने समोर उभा होता. परिणाम असा झाला की विलंबित ख्यालात बाई ऋषभावर जेवढ्या ठरावयास हव्या होत्या तेवढ्या ठरल्या नाहीत. पुनःपुन्हा लवकर षड्जावर येत राहिल्या. द्रुतातील त्यांच्या ताना स्वच्छ आणि तोलदार होत्या, तरीही मारव्याची ती हुरहूर मंडपात उतरली नाही.

उत्तरार्धात मात्र पालट झाला. अभंगांच्या वेळी देवळाच्या भजनी मंडळींनी आपला पखवाज आणि खुंटीवरची वीणा पुढे आणली. बाईंनी यंत्र बंद करावयास सांगितले. त्या साध्या वीणेच्या झंकारावर त्यांचा आवाज असा काही मोकळा झाला की मागे पायऱ्यांवर बसलेली मंडळी उठून आत आली. देवळाच्या घरातले वाद्य त्या रात्री उपयोगी पडले, ही गोष्ट आम्ही मनात ठेवली. पुढील विवेचन तिच्यावरच उभे आहे.

आता विमानाचा हिशेब पाहू. देशांतर्गत प्रवासात बहुतेक स्वस्त कंपन्या हातात ७ किलो आणि विमानाच्या पोटात १५ किलो सामान नेऊ देतात. हातातील पिशवीचा आकार साधारणतः ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. तंबोरा असतो चार ते पाच फूट लांब. वजनात तो कदाचित बसेल. आकारात मुळीच नाही. तेव्हा तो पोटात जातो, आणि तेथे त्याच्या शेजारी लोखंडी कोपऱ्यांच्या पेट्या असतात. सतारीची गत तीच. या विमानांची स्वस्ताई बरीचशी यावर उभी असते की विमान जमिनीवर कमीत कमी वेळ राहावे. अर्ध्या तासाच्या आत उतारू उतरवून, सामान काढून, नवे भरून ते पुन्हा उडावयाचे असते. त्या घाईत हमालाच्या हाती शेकडो डाग येतात. त्यातला एक पोकळ आहे, आत वाळलेल्या फळाचे पातळ कवच आहे आणि त्यावर तारांचा ताण आहे, हे त्याने कसे ओळखावे? आमचा राग त्या हमालावर नाही.

नुकसान झाल्यावर मिळते काय? देशांतर्गत प्रवासात सामानाच्या नुकसानीबद्दल विमान कंपनीची जबाबदारी २०१४ सालच्या अधिसूचनेने दर उतारूमागे २०,००० रुपयांपर्यंत ठरविली. परदेशच्या प्रवासास १९९९ सालचा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. त्यातील मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ विशेष आहरण हक्क इतकी आहे. या कराराप्रमाणे नुकसानीची तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांच्या आत लेखी करावी लागते. वस्तूचे विशेष मोल आधी जाहीर करून, लागल्यास जादा आकार भरून, ही मर्यादा वाढवून घेण्याची तरतूदही त्यात आहे. पण किती गवयांस ती ठाऊक आहे? शिवाय पैशाने लाकूड मिळते, भोपळाही मिळतो. वीस वर्षे एकाच गळ्याशी जुळत आलेली जवारी मात्र नव्याने कमवावी लागते.

हे दुखणे आमच्या बाईंचेच नव्हे. कॅनडातील गायक डेव्ह कॅरॉल यांची गिटार २००८ साली विमानप्रवासात मोडली. दाद लागेना, तेव्हा त्यांनी २००९ साली त्यावर गाणे रचले आणि ते जगभर ऐकले गेले. २०१४ साली लंडनहून परतताना उस्ताद अमजद अली खाँ यांचा सरोद हरवला होता. तो काही दिवसांनी सापडला. २०१८ साली सतारवादक शुभेंद्र राव न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा त्यांची सतार भंगलेली निघाली. अमेरिकेने २०१२ साली कायदा करून आणि २०१५ पासून नियम लागू करून, जागेत मावणारे वाद्य उतारूस आत नेऊ द्यावे व मोठ्या वाद्यासाठी वेगळे आसन विकत घेता यावे, अशी सोय केली. आपल्याकडे हा प्रश्न मुख्यतः ज्या त्या कंपनीच्या अटींवर राहिला आहे. काही कंपन्या वाद्यासाठी दुसरे आसन विकतात. परंतु ते आगाऊ कळवावे लागते आणि मग तिकिटाची स्वस्ताई उरत नाही.

तरीही स्वस्त विमानास सरसकट दूषण देणे अन्यायाचे होईल. २००३ साली एअर डेक्कनने ही वाट पाडली, आणि त्यानंतर ज्या कलावंतांस दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासामुळे दूरची आमंत्रणे नाकारावी लागत, ते आज सकाळी निघून संध्याकाळी गाऊ शकतात. सायलीसारख्या गावास गोव्याची गायिका ऐकावयास मिळाली ती त्यामुळेच. केरीच्या केसरबाई केरकरांचे भैरवीचे ध्वनिमुद्रण १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेले आणि आज सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर प्रवास करीत आहे. आकाशाला गवसणी घालणे म्हणतात ते हेच! त्याच गोव्याचा तंबोरा मुंबईपर्यंत धड येऊ नये, याचे मात्र वैषम्य वाटते.

आमच्या मते चूक वाद्यास ‘सामान’ मानण्यात आहे, आणि ती विमानतळावर होण्याच्या पुष्कळ आधी, आमंत्रणाच्या पत्रात होते. आपल्या परंपरेने असे कधी मानले नव्हते. नामसप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकू देत नाहीत. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. सायलीच्या आसपासच्या पाड्यांत वारली मंडळी तारपा वाजवितात. तोही भोपळ्याचाच, त्यास बांबू आणि ताडाचे पान जोडलेले. नाचणारे सारी रात्र त्याच्याभोवती फेर धरतात. पण तारप्याकडे पाठ करीत नाहीत. वाद्य कसे वागवावे, हे या दोन्ही चालींत कोणी उपदेश न करता शिकविले जाते. आम्ही मात्र गवयाचे तिकीट काढतो, त्याच्या जेवणाची पथ्ये विचारतो, आणि त्याच्या तंबोऱ्याविषयी एक अक्षर विचारीत नाही.

काही जण म्हणतील, विजेचा तंबोरा आहे, आता भ्रमणध्वनीतही तंबोरा आहे. मग ही यातायात कशास? बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास विजेचा तंबोरा सिद्ध केला, त्याने असंख्य विद्यार्थ्यांचा रियाज सोपा झाला, आणि त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. रियाजास, प्रवासास, अडचणीस तो योग्यच आहे. परंतु देवापुढच्या बैठकीत अडचणीची सोय हीच रूढी होऊ लागली, तर जवारी ऐकलेले कान एका पिढीत संपतील. मग मारव्यात काय हरवले, हे सांगूनही कळावयाचे नाही.

म्हणून आमच्या देवस्थान समित्यांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली: प्रत्येक देवळाने, जेथे वर्षातून दोन-चार बैठका होतात, तेथे तंबोऱ्यांची स्वतःची जोडी ठेवावी, शक्य तर एक मर्दानी व एक जनानी. मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे आणि तुणीचे लाकूड यांतून ते वाद्य घडवितात. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. नगारखान्यात नगारा असतो, भजनास वीणा असते. तसाच तंबोरा देवाच्या मालमत्तेत लिहावा. तो कोरड्या जागी टांगावा, आणि वर्षातून एकदा जाणत्याकडून त्याची जवारी काढून घ्यावी. मग गायक-गायिकांनी मोकळ्या हाताने खुशाल विमानाने यावे.

दुसरी सूचना सतारिये, सरोदिये आणि बीनकार यांच्यासाठी. त्यांस दुसऱ्याचे वाद्य चालत नाही. तेव्हा त्यांच्या आमंत्रणाच्या अंदाजपत्रकात वाद्याचे आसन किंवा रेल्वेचे भाडे आधीच धरावे. वाद्य वरच्या बाकावर ठेवून, रात्रभर एक हात त्यावर टाकून झोपलेल्या साथीदारांच्या भरवशावर एका पिढीने सारा हिंदुस्थान पालथा घातला होता. मंडपाच्या रोषणाईतील दोन माळा कमी केल्या, तरी एवढा खर्च भागेल.

बाईंचा तंबोरा मिरजेस गेला. भोपळा बदलावा लागला, आणि नव्या भोपळ्याचा आवाज अजून आपला वाटत नाही, असे त्यांनी कळविले आहे. सायलीच्या विश्वस्तांनी पुढल्या उत्सवापूर्वी तंबोऱ्यांची एक जोडी घेण्याचे ठरविले आहे असे समजते. बाईंस पुन्हा बोलाविण्याचेही ठरले आहे, आणि मारवाच गावा अशी विनंती त्यांस करण्यात येणार आहे. जोडी आणावयास समितीचे दोघे जण स्वतः मिरजेस जाणार आहेत. येताना रेल्वेने येतील.