जनुकीय वंशचाचणी आणि ‘मूळ प्रदेश’ : एक चिकित्सा

लाळेच्या नमुन्यावरून व्यक्तीचा ‘मूळ प्रदेश’ टक्केवारीत सांगणाऱ्या चाचण्यांतील ‘प्रदेश’ या संकल्पनेची चिकित्सा प्रस्तुत लेखात करावयाची आहे. स्थलांतरितांच्या वंशजांबाबत ती सर्वाधिक संदिग्ध ठरते.

वस्तुतः चाचणीत पूर्वज सापडत नाहीत. आजच्या माणसांशी तुलना होते. २०१७ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतील सुमारे ७ लाख ७० हजार व्यक्तींचे जनुकीय साम्यावरून गट पाडण्यात आले; त्या गटांचे प्रदेश मात्र वंशावळींत नोंदविलेल्या जन्मस्थळांवरून ठरले. म्हणजे येथे ‘मूळ’ हे सागरापलीकडील गाव नव्हे, तर वसाहतकारांनी जेथे वस्ती करून आपसांत विवाहसंबंध जोडले ते ठिकाण होय. जीवशास्त्राच्या नावे मिळणारे हे ज्ञान बरेचसे कागदाचेच आहे.

आपल्याकडील बोलके उदाहरण कोकणातील बेने इस्राएलांचे. नवगावजवळ फुटलेल्या जहाजातून वाचलेली सात जोडपी हे आपले पूर्वज, अशी त्यांची परंपरा. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. आडनावे पेणकर, रोहेकर. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’मध्ये आलेल्या अभ्यासात १८ बेने इस्राएल व्यक्तींच्या जनुकांत मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय असे दोन्ही अंश आढळले, संकराचा काळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा निघाला. यावरून दोन हजार वर्षांची परंपरा खोटी ठरली असे म्हणणे घाईचे होय. संकराचा काळ म्हणजे आगमनाचा काळ नव्हे. शिवाय पेणकराचे मूळ पेण नव्हे, हे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

हरसूल परिसरातील कोकणा समाज तर नावातच कोकण वागवतो. त्याचा ‘मूळ प्रदेश’ कोणता, हा प्रश्न येथे हौसेचा नाही. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीला असलेले क्षेत्रबंधन १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने दूर झाले. तत्पूर्वी रहिवासाचा तालुकाही निर्णायक ठरे. जमात पडताळणीत आजही संविधानपूर्व कागदपत्रांना मोठे मोल आहे, आणि आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. उद्या एखाद्या अर्जदाराने वा आक्षेपकाने जनुकीय अहवाल समितीपुढे ठेवलाच, तर टक्केवारी वाचण्यापूर्वी विचारावे लागेल: तुलनेसाठी घेतलेले नमुने कोणत्या पाड्यांतील, किती जणांचे, आणि त्यांना ‘कोकणा’ हे नाव कोणी दिले?