कुमारांची एक तबकडी

दीर्घकाळ गायिलेल्या आणि गाता गाता वारंवार बदललेल्या एखाद्या गवयाच्या समग्र ध्वनिमुद्रणांतून एकच तबकडी निवडावयाची झाली, तर तो केवळ आवडीनिवडीचा मामला राहत नाही. त्या गवयाच्या कोणत्या रूपास आपण प्रमाण मानतो, याची ती कैफियतच होऊन बसते. भीमसेन जोशी यांच्याविषयी हा प्रश्न इतका बिकट नाही, कारण त्यांची गायकी विस्तारत गेली, खोल होत गेली, परंतु तिने आपली पहिली बैठक मोडली नाही. कुमार गंधर्वांचे तसे नाही. त्यांच्या आयुष्याचे सरळ दोन तुकडे पडतात, आणि दुसऱ्या तुकड्यातही मैफलीतले कुमार, निर्गुणी भजनांचे कुमार, लोकधुनांचे कुमार आणि नाट्यपदांचे कुमार असे इतके दावेदार उभे राहतात की निवाडा करणाऱ्याची मती कुंठित व्हावी.

जबलपुरात, त्यातही कांचघरासारख्या वस्तीत हा निवाडा करू जावे, तर त्यास आणखी एक पेच पडतो. या मुलखावर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, आणि पुढे १९५६ पर्यंत मध्यप्रांताची राजधानी नागपूरच राहिल्यामुळे कचेऱ्या, रेल्वे आणि तोफगाड्यांचा कारखाना यांतून नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे येथे रुजली. त्यांच्या घरांत कुमार गंधर्व हे नाव भावगीत आणि नाट्यपद यांच्या वाटेने शिरले. भिंतीपलीकडच्या हिंदी भाषक शेजाऱ्याकडे मात्र तेच नाव कबीराच्या वाटेने आले. एकाच गवयाची दोन घरांत दोन निरनिराळी दप्तरे उघडलेली असावीत, आणि एका घराने दुसऱ्याचे दप्तर कधी चाळूनही पाहू नये, असा प्रकार येथे सर्रास आढळतो. माझ्या परिचयाचे एक हिंदी प्राध्यापक कुमारांच्या निर्गुणी भजनांवर तासभर बोलतात. पण कुमारांनी मराठी नाट्यपदेही गायिली आहेत हे सांगितले, की ते सौजन्याने विषय बदलतात.

प्रथम ध्वनिमुद्रणाच्या कलेच्या साधनांचा थोडा हिशेब मांडला पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मेणाच्या तबकडीवर उतरले, तेव्हापासून सुमारे अर्धशतक आपल्या गवयांना तीन-सव्वातीन मिनिटांत राग आटोपण्याचा हुकूमच होता. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या अवकाशातही सूर उभा केला, हा त्यांचा पराक्रम. तथापि त्या तबकड्यांचे स्वरूप मैफलीच्या जाहिरातीचेच राहिले. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा बालक याच तबकड्या ऐकून थोरामोठ्यांची गायकी हुबेहूब उठवीत असे, आणि त्या अलौकिक अनुकरणानेच त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळवून दिली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी. मुंबईस प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्याकडे त्याचे रीतसर शिक्षण झाले. १९४८ च्या जानेवारीत क्षयाच्या व्याधीने जर्जर होऊन तो देवासला आला. आणि नेमक्या त्याच वर्षी अमेरिकेत दीर्घ मुद्रणाची, अर्थात लाँग प्लेची तबकडी बाजारात आली. गवयाचे मौन आणि माध्यमाचा विस्तार एकाच वर्षी सुरू व्हावा, हा योगायोग निव्वळ योगायोग म्हणून नोंदवतो; त्यावर तत्त्वज्ञान रचण्याची इच्छा नाही.

सुमारे पाच वर्षांच्या त्या सक्तीच्या मौनातून कुमार बाहेर पडले, ते एक निकामी फुप्फुस आणि एक सर्वस्वी नवे गाणे घेऊन. दीर्घ श्वासाची लांबलचक तान हा ज्या गायकीचा अलंकार, तिच्यातला हा गवई आता लहान लहान स्वराकृती टाकू लागला. एक स्वरसमूह झेपावून तारसप्तकात जाई, तेथे क्षणभर झळकून तुटे, आणि पुढची रिकामी जागा तानपुरे भरून काढीत. हे तानपुरे कुमार ज्या काटेकोरपणे लावीत, त्याची ख्याती आजही सांगितली जाते. आणि ध्वनिमुद्रण ऐकताना ती अकारण नव्हती हे पटते, कारण त्यांच्या गाण्यातला निम्मा अर्थ गळा थांबल्यावर सुरू होतो. लोकधुनांतून त्यांनी राग शोधले. संजारी, मालवती, लगनगांधार, सहेली तोडी अशा धुनउगम रागांच्या आणि स्वरचित बंदिशींच्या लेखनाने ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये सिद्ध झाला.

आता निवडीकडे वळू. लोकमताचा कौल घेतला, तर तो निर्विवादपणे निर्गुणी भजनांकडे जाईल. माळव्यातील नाथपंथी जोग्यांच्या परंपरेतून आलेली ती गायनरीत, तिच्यातला उत्कट अलिप्तपणा आणि शब्दाला शून्यात फेकून देण्याची ती हातोटी यांनी कबीराला आधुनिक हिंदी मनात पुन्हा प्रतिष्ठित केले, हे मान्यच केले पाहिजे. परंतु लोकप्रियतेने त्या भजनांचे जे केले ते कुमारांच्या हिताचे झाले नाही. ती आता विरक्तीची तयार खूण बनली आहेत, चित्रपट-मालिकांत मृत्यूचा प्रसंग आला की कोणीतरी तशाच आवाजात गाऊ लागते. रसिकमंडळी, विशेषतः ज्यांना आपण घराणेदार कान राखतो असे वाटते ती, एखादी रागाची तबकडी पुढे करतील. त्यांच्या मताला वजन आहे. तथापि रागाची लाँग प्ले ऐकताना एक अडचण मला नेहमी जाणवते: बाजू सुमारे वीस-बावीस मिनिटांची, त्यामुळे विलंबित आवरते घेतलेले, द्रुत घाईने उरकलेले, आणि जी उत्स्फूर्तता हे कुमारांचे मर्म, तिलाच घड्याळाची नोटीस लागलेली. ‘त्रिवेणी’ हा कबीर, सूर आणि मीरा यांचा संच याहून अधिक सुघटित आहे, कारण तो मुळातच एका कल्पनेतून जन्मला.

येथे पाश्चात्त्यांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा दाखला उपयोगी पडतो. ‘किंग क्रिमसन’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६९ ची, ‘पिंक फ्लॉइड’ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ १९७३ ची. या मंडळींनी सुटी गाणी एकत्र बांधण्याऐवजी संपूर्ण तबकडी हीच एक रचना मानली, तिला आरंभ, वळण आणि शेवट दिला, आणि मुद्रणगृह हे आपले वाद्य समजून तेथे ती घडविली. आमच्या ख्यालगायनात तबकडी नेहमी मैफलीची नक्कल राहिली, रचना झाली नाही. कुमारांनी मात्र, मुद्रणगृहाच्या अंगाने नव्हे तर मैफलीच्या अंगाने, त्याच सुमारास तीच गोष्ट साधली: ‘गीतवर्षा’, ‘गीतहेमंत’, ‘गीतवसंत’, माळव्याच्या लोकधुना, तुलसीदास आणि तुकाराम यांचे दर्शन. यातील प्रत्येक कार्यक्रम एका विषयाभोवती बांधलेला, त्यातल्या पदांचा क्रम विचारपूर्वक ठरविलेला. बैठकीत रात्र जशी जाईल तसे राग निवडण्याच्या रिवाजाशी हे सरळ विसंगत होते, आणि काही जुन्या जाणत्यांना ते रुचले नाही हेही नवल नव्हे.

या मालिकेतील ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही तबकडी मी प्रथम क्रमांकावर ठेवतो.

कारण सांगतो. नारायण श्रीपाद राजहंस उर्फ बालगंधर्व (१८८८-१९६७) यांचे गाणे महाराष्ट्राने इतके प्रेमाने आणि इतके अविचाराने अनुकरिले की त्यांच्यानंतरच्या दोन पिढ्यांना नाट्यपद गाणे म्हणजे त्यांच्या लकबींची पेढी चालविणे असे वाटू लागले. अशा वेळी, अनुकरणात बालपणीच कीर्ती मिळविलेला हा गवई त्यांची पदे घेऊन उभा राहिला, तेव्हा श्रोत्यांनी काय अपेक्षिले असेल हे उघड आहे. आणि कुमारांनी ती अपेक्षा पहिल्या काही आवर्तनांतच बरखास्त केली. बालगंधर्वांचा आवाज सलग, रेशमी, लयीत मुरलेला. कुमारांचा आवाज टोकदार, तुटक, मध्येच उंच उडणारा. त्यांनी आवाज उसना घेतला नाही. त्यांनी घेतली ती लय: शब्द बोलल्यासारखा यावा, पण तालाच्या अंगाने असा अलगद बसावा की मात्रा मोजणाऱ्याला तो कोठे सुरू झाला ते पुन्हा ऐकावे लागावे. एखाद्या ओळीच्या दुसऱ्या फेऱ्यात शब्दाचे शेवटचे अक्षर कुमार जवळजवळ उच्चारीतच नाहीत, फक्त त्याचा स्वर सोडून देतात. समेवर पोचण्याआधी किंचित थबकतात. आणि मग जी सम येते ती, तबल्याच्या आघातावर पडण्याऐवजी, आघाताने जणू स्वतःहून त्यांच्याकडे यावे तशी येते. बालगंधर्वांच्या जुन्या तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका यानंतर पुन्हा ऐकाव्यात. इतके दिवस लकब म्हणून जे आपण कौतुकाने ऐकत होतो, ते तेथे शिस्त म्हणून प्रकट होते. गायनाने केलेली ही समीक्षा आहे. आणि तिच्या तोडीचा बालगंधर्वविषयक लेख, निदान माझ्या वाचनात, मराठीत नाही.

आक्षेप दोन संभवतात. पहिला असा, की यात कुमारांचे स्वतःचे काही नाही, रचना सर्व दुसऱ्यांच्या. यास उत्तर इतकेच की ‘उमजलेले’ या शीर्षकातच गवयाने आपली जबाबदारी कबूल केली आहे. जे गायिले आहे तो बालगंधर्वांचा पुतळा नव्हे, एका प्रगल्भ बुद्धीने केलेली त्यांची उकल आहे. दुसरा आक्षेप माझ्या प्राध्यापक शेजाऱ्यांचा, आणि तो अधिक गंभीर: जी तबकडी मराठी रंगभूमीच्या स्मृतीवाचून निम्मीच कळते, ती अखिल भारतीय गवयाची प्रतिनिधी कशी? हे मी मान्य करतो, आणि तरीही निवड बदलत नाही. प्रतिनिधी निवडावयाचा असता तर ‘त्रिवेणी’ पुरेशी होती. प्रश्न आवडत्या तबकडीचा आहे, आणि कुमारांच्या आयुष्याचा आरंभ आणि परिपाक, म्हणजे अनुकरण आणि त्याचा त्याग, ही दोन्ही टोके एका ठिकाणी अन्यत्र कोठेही इतकी स्पष्ट दिसत नाहीत.

आता या कलेच्या सांप्रत स्थितीविषयी. लाँग प्ले गेली, कॅसेट आली. पुण्याच्या अलूरकरांसारख्या प्रकाशकांनी तिच्या द्वारे मैफलींची सलग मुद्रणे घरोघर पोचविली आणि वीस मिनिटांची जुनी बेडी तोडली. मग कॅसेटही गेली. आज मोबाइलवर कुमारांचे जवळजवळ सर्व काही ऐकावयास मिळते, आणि तरी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही एक रचना म्हणून ऐकणारा विरळा, कारण तिची पदे सुटी करून ‘सर्वोत्कृष्ट’ आणि ‘सदाबहार’ अशा गाठोड्यांत बांधली गेली आहेत. क्रम हरवला. मुद्रण कधीचे, मैफल कोठली, याचा बहुधा मागमूस नसतो. वसंत आचरेकरांच्या तबल्यावाचून कुमारांच्या लयीची कल्पना करता येत नाही. पण पडद्यावर गवयाच्या नावाखाली त्यांचे नाव शोधू गेल्यास बहुतेक वेळा पांढरी जागा हाती लागते. महसूल खात्याच्या कोणत्याही सात-बारावर याहून अधिक तपशील असतो.

तरुण गवयांकडे पाहिले तर चित्र याहून आशादायक म्हणवत नाही. गळे तयार आहेत, साधने स्वस्त आहेत, मिनिटांचे बंधन उरलेले नाही. परंतु संपूर्ण संच एका विचाराने बांधून तो श्रोत्यापुढे ठेवण्याची तजवीज अपवादानेच दिसते. ज्या काळात बाजू बदलण्यासाठी उठावे लागे, त्या काळी जो क्रम राखला गेला, तो आज काही न उठता राखता येत असताना मोडीत निघावा, हे चमत्कारिक खरेच.

म्हणून ज्यांच्या ताब्यात या मूळ फिती आणि त्यांचे हक्क आहेत, त्यांस एवढीच विनंती: कुमारांचे विषयबद्ध कार्यक्रम मूळ क्रमाने, तारीख, स्थळ आणि साथीदार यांच्या नोंदीसह पुन्हा प्रसिद्ध करावेत, आणि ‘मला उमजलेले बालगंधर्व’ प्रसिद्ध करताना सोबत हिंदीत चार पाने टिपण जोडावे. कांचघरात त्याचा निदान एक ग्राहक निश्चित आहे.