हुकूम कोणाचा, मरण कोणाचे

चार ऑस्कर आणि सात बाफ्टा पारितोषिके पदरी पडलेल्या एडवर्ड बर्गर यांच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (२०२२) या जर्मन चित्रपटाचा आरंभ पाहताना, युद्धपटाच्या इतिहासात फार थोड्यांना जे साधले ते या दिग्दर्शकाला साधणार, अशी आशा मनात उभी राहते; आणि त्याच दिग्दर्शकाने अखेरच्या भागात त्या आशेची जी वासलात लावली आहे ती पाहिल्यावर गप्प बसणे अशक्य झाले, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभी एक कोवळा शिपाई खंदकातून वर चढतो, धावतो आणि मरतो. त्यानंतर कॅमेरा त्या शिपायापाशी न रेंगाळता त्याच्या गणवेशाच्या मागोमाग निघतो. प्रेतांवरून कपडे उतरवले जातात, त्यांची गाठोडी बांधली जातात, रक्ताने लाल झालेल्या पाण्यात ती धुतली जातात, शिवणयंत्रांच्या रांगांपुढे बसलेल्या बायका त्यांची भोके बुजवतात, आणि शाळेच्या बाकावरून नुकताच उठून आलेला पाउल बॉयमर भरतीच्या मेजापुढे उभा राहून तोच अंगरखा हाती घेतो. आत दुसऱ्याच कोणाचे नाव शिवलेले पाहून, हा चुकून दुसऱ्याचा तर आला नाही ना, अशी शंका तो भाबडेपणाने बोलून दाखवतो. त्यावर मेजामागचा अंमलदार, त्याला तो आखूड झाला असेल, असे नेहमीच होते, अशी त्याची समजूत घालून नावाची पट्टी टरकावतो आणि मेजाखाली टाकून देतो. मेजाखाली तशा पट्ट्या आधीच पडलेल्या असतात. कपड्याच्या या प्रवासात ना गोळीबार आहे ना आक्रोश, पण युद्ध नावाचा कारभार कोणत्या शिरस्त्याने चालतो, हे त्यात जितके कळते तितके तोफांच्या गडगडाटात कधीच कळत नाही.

पुढे मात्र या शिरस्त्याचा दिग्दर्शकाला विसर पडतो. एरिक मारिया रेमार्कच्या कादंबरीत पाउल मरतो तो १९१८ च्या ऑक्टोबरात, आघाडीवर कळवण्याजोगे काहीच घडले नाही असे लष्करी अहवालाने नमूद केलेल्या एका दिवशी. आणि एका जीवाचे जाणे दप्तराच्या लेखी नोंदण्याच्याही लायकीचे नव्हते, हाच त्या कादंबरीचा सगळा निवाडा आहे. बर्गर यांना हा निवाडा फिका वाटला असावा. त्यांनी पदरचा एक मिशाळ सेनापती निर्माण केला, ११ नोव्हेंबरच्या सकाळी अकराला शस्त्रसंधी अमलात येणार म्हणताना अवघी काही मिनिटे आधी त्याच्याकडून हल्ल्याचा हुकूम देवविला, आणि घड्याळाचा काटा अकरावर येता येता पाउलच्या पाठीत संगीन खुपसली. ज्या पापाचे धनी शाळामास्तरापासून मुख्यालयापर्यंत सारेच होते, ते पाप अशा रीतीने एका खलपुरुषाच्या खाती जमा करून बाकी सर्वांना निर्दोष सोडून देण्यात आले. पाउल रजेवर घरी जातो तो भागही बर्गर यांनी गाळला. लुइस माइलस्टोनने १९३० साली याच कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात गावातले पोक्त गृहस्थ गुत्त्यात नकाशा पसरून, रजेवर आलेल्या त्या पोराला पॅरिसवर चाल कशी करावी हे शिकवतात. नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वीचा तो प्रसंग आजही चटका लावतो, याचे कारण हुकूम देण्याची हौस मुख्यालयापुरती मर्यादित नसते, ती गुत्त्यातही असते, हे माइलस्टोनने ओळखले होते.

युद्धपट पाहण्याजोगा कशाने होतो, याचे उत्तर कोणी वास्तवदर्शनात शोधतात, कोणी शौर्यात, कोणी शांततेच्या संदेशात. माझी कसोटी याहून रोखठोक आहे. हुकूम लिहिणारा हात आणि तो हुकूम ज्याच्यावर तामील होतो तो देह, यांच्यामध्ये जे अंतर असते, कोसांचे, हुद्द्याचे आणि पोटभर जेवणाचेही, ते अंतर जो मोजून दाखवतो तो युद्धपट. उरलेली सारी आतषबाजी.

या कसोटीवर स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ला (१९५७) आजही तोड नाही. राजवाड्याच्या दिवाणखान्यात दोन फ्रेंच सेनापती फेऱ्या मारीत बोलत असतात. ‘अँट हिल’ ही टेकडी घेणे अशक्य आहे असे छातीठोकपणे सांगणारा मिरो, बढतीची गोष्ट निघताच, दिवाणखान्याची फेरी पुरी होण्याच्या आत ती शक्य मानू लागतो. पुढे खंदकात येऊन तो कर्नल डॅक्सपुढे हिशेब मांडतो तो ऐकण्यासारखा आहे: पाच टक्के माणसे आपल्याच तोफांच्या माऱ्यात, दहा टक्के मधल्या पटांगणात, वीस टक्के तारांच्या कुंपणात, आणि पंचवीस टक्के प्रत्यक्ष टेकडी घेताना. वाण्याने उधारीची वही वाचून दाखवावी अशा निर्विकार सुरात तो हे आकडे सांगतो. हल्ला फसतो, माणसे खंदकातून डोके वर काढीत नाहीत, तेव्हा हाच मिरो आपल्याच खंदकांवर तोफा डागण्याचा हुकूम टेलिफोनवरून सोडतो. आणि तेथे या चित्रपटातला, किंबहुना साऱ्या युद्धपटांतला, मला सर्वांत थोर वाटणारा क्षण येतो. तोफखान्याचा कप्तान रूसो, एरवी ज्याचे नावही कोणाच्या ध्यानात राहू नये असा माणूस, अदबीने पण ठामपणे सांगतो, की असा हुकूम सहीनिशी लेखी मिळाल्याखेरीज मला तो पाळता येणार नाही. वीरश्रीची कोणतीही घोषणा तो करीत नाही, फक्त कागद मागतो. त्या कागदावर सही करण्याची छाती सेनापतीला होत नाही, आणि शेकडो माणसे त्या एका न झालेल्या सहीमुळे वाचतात.

पुढे भेकडपणाच्या आरोपाखाली तीन शिपायांवर खटला चालतो तो याच तत्त्वाची उलट बाजू दाखवतो. आरोपपत्र वाचले जात नाही, साक्षी होत नाहीत, कामकाजाची नोंद ठेवली जात नाही. जेथे अन्याय करायचा असतो तेथे दप्तर बंद ठेवायचे असते, हे त्या न्यायासनाला उत्तम ठाऊक आहे. कवटी फुटून बेशुद्ध पडलेल्या एका कैद्याला स्ट्रेचरसकट खांबाला बांधून, गालाला चिमटे काढून शुद्धीवर आणून मग गोळी घालतात, कारण हुकमाची तामिली जाग्या माणसावर झाली पाहिजे. हा चित्रपट फ्रान्समध्ये १९७५ पर्यंत दाखवला गेला नाही, ही त्याला मिळालेली सर्वांत खरी पावती होय.

कुब्रिकने हुकूम वरून पाहिला, तर कोन इचिकावाने तो खालून पाहिला. त्याचा ‘फायर्स ऑन द प्लेन’ (१९५९) हा चित्रपट उघडतो तोच एका थपडेने. फिलिपाइन्समधल्या लेते बेटावर जपानी फौजेची वाताहत झाली आहे. क्षयाने खंगलेला तामुरा इस्पितळातून परत आला म्हणून त्याचा वरिष्ठ त्याच्या कानशिलात भडकावतो, चार कंद हातावर ठेवतो आणि हुकूम देतो, की पुन्हा इस्पितळात जा, घेतले नाही तर तुझ्या हातबाँबने स्वतःला संपव. तामुरा हा हुकूम लष्करी शिस्तीप्रमाणे जसाच्या तसा परत म्हणून दाखवतो. पुढे चिखलाच्या वाटेवर बुटांचा एक प्रसंग आहे. एक शिपाई पडलेले बूट उचलतो आणि आपले फाटके तेथेच टाकतो. मागून येणारा ते फाटके उचलून आपले अधिक फाटके टाकतो. असे होता होता तामुराची पाळी येते तेव्हा त्या बुटांना तळच उरलेला नसतो, आणि तो मुकाट्याने अनवाणी चालू लागतो. एक साम्राज्य कोसळल्याची वार्ता इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. बर्गर यांच्या गणवेशाचा प्रवास याच कुळातला आहे; म्हणूनच त्यांचा राग अधिक येतो.

याच कुळात लारिसा शेपित्कोचा ‘द अॅसेन्ट’ (१९७७) येतो, ज्यातले दोन गनिमी लढवय्ये लढाईसाठी नव्हे तर उपाशी टोळीसाठी दाणागोटा आणायला म्हणून बर्फात बाहेर पडतात आणि तेथून थेट फाशीच्या दोराखाली पोचतात. टेरेन्स मॅलिकच्या ‘द थिन रेड लाइन’मधला (१९९८) कप्तान स्टारोसही येथलाच, समोरून टेकडीवर चढण्याचा हुकूम तो टेलिफोनवरच नाकारतो, आणि मग पदकांची लालूच दाखवून त्याला सन्मानपूर्वक बरतर्फ करण्यात येते. त्याच वर्षीच्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’विषयी, पहिली पंचवीस मिनिटे पाहून उठून यावे, यापलीकडे सांगण्यासारखे काही नाही. कोपोलाचा ‘अपॉकलिप्स नाऊ’ हेलिकॉप्टरांच्या प्रेमात पडलेला आहे. नोलनच्या ‘डंकर्क’मध्ये काळाची तीन गणिते आहेत, पण तेथे रसद वाहणाऱ्या हिंदी फौजेच्या खेचर-कंपन्या, ज्या खरोखरच त्या किनाऱ्यावर होत्या, त्यांना त्या गणितात जागा मिळालेली नाही.

सॅम मेंडिसचा ‘१९१७’ (२०१९) अधिक विचार करायला लावतो, कारण त्याचे कथानकच मुळी एका हुकमाचे आहे. हल्ला तहकूब करण्याचा लेखी हुकूम घेऊन दोन शिपाई सोळाशे माणसांचा जीव वाचवायला निघतात. याहून नेमका विषय कोणता हवा? परंतु सबंध चित्रपट एकाच सलग दृश्यासारखा भासला पाहिजे या हट्टापायी कॅमेरा धावणाऱ्याच्या पाठीशी असा चिकटतो, की तो कागद कोणी लिहिला आणि पहिला हुकूम कोणाच्या गफलतीने निघाला, हे विचारायला कोणाला उसंतच मिळत नाही. अखेरीस कर्नल वैतागून म्हणतो, की आज थांबा म्हणतात, पुढच्या आठवड्यात पहाटे हल्ला करा म्हणतील. सगळा चित्रपट त्या एका वाक्यात आहे, आणि त्या वाक्याच्या वाट्याला आले आहे अर्धे मिनिट.

आता घरच्या अंगणाकडे वळायला हवे. चेतन आनंदचा ‘हकीकत’ (१९६४) हा आपल्याकडचा एकमेव असा युद्धपट, की ज्याने पराभव डोळ्याला डोळा भिडवून पाहिला. आधी गोळी झाडायची नाही, हा वरून आलेला हुकूम आणि लडाखच्या उजाड खडकांवर त्या हुकमाने जखडलेले जवान, यांच्यातला ताण त्यात आहे; गाण्यांची गर्दी आणि ढोबळ प्रेमकथा यांच्यासह मी तो पुन्हा पाहायला तयार आहे. सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणिसांवर शांतारामबापूंनी काढलेला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) भाबडा आहे खरा, पण युद्ध मारणाऱ्याच्या नव्हे तर जखम शिवणाऱ्याच्या जागेवरून पाहावे, एवढी समज त्या भाबडेपणात होती. त्यानंतरचा ‘बॉर्डर’ हा गर्जनांचा, ‘उरी’ हा घोषणांचा, आणि ‘शेरशाह’ हा जाहिरातीतल्या देखणेपणाचा. मराठीत गेल्या काही वर्षांत गडकोटांवरच्या पराक्रमपटांची जी रीघ लागली आहे, तिच्यातला एक पाहिला की बाकीचे पाहिल्यासारखेच.

यावर, प्रेक्षक वीररसासाठी येतो, त्याला कागदपत्रे काय दाखवता, असा आक्षेप हमखास येईल. तर मग वीररसाचीच गोष्ट काढू. भरतमुनींनी वीराचा स्थायीभाव उत्साह सांगितला आहे, क्रोध नव्हे. क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव. वीर उत्तम प्रकृतीच्या ठायी वसतो आणि असंमोह, अध्यवसाय, नय, विनय यांतून उपजतो. रौद्राची वसती राक्षस, दानव आणि उद्धत माणसे यांच्या ठायी. या मोजमापाने पाहिले तर शिरा ताणून, डोळे लाल करून, मंदगतीने तलवार किंवा मशीनगन फिरवणारा आजच्या पडद्यावरचा नायक हा वीर नसून शुद्ध रौद्र आहे, आणि लेखी हुकूम मागणारा तो तोफखान्याचा कप्तान भरतमुनींच्या कसोटीला पुरेपूर उतरणारा वीर आहे. ज्यांना आपण परंपरेचे पाईक आहोत असे वाटते त्यांनी निदान परंपरेचा पहिला पाठ तरी गिरवायला हवा होता.

विषय नाहीत अशी सबब कोणी सांगू नये. पानिपतासारखा विषय साऱ्या जगात शोधून मिळायचा नाही, आणि तो १४ जानेवारी १७६१ च्या रणधुमाळीत नसून तिच्या आधीच्या काही महिन्यांत आहे: दिल्लीच्या दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत फोडून शिबंदीची देणी भागवणारा भाऊ, रसद पोचवण्याच्या कामगिरीवर असताना डिसेंबरात मारला गेलेला गोविंदपंत बुंदेले, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू असे सांगायला आलेले सरदार. गोवारीकरांच्या ‘पानिपत’मध्ये (२०१९) रसदीचा प्रश्न आहे, पण दोन देखाव्यांमधला सांधा म्हणून. इचिकावाला बुटांवर जे सुचले ते आमच्यापैकी कोणाला त्या छावणीतल्या रिकाम्या चुलीवर सुचू नये, याची लाज आम्हाला वाटायला हवी.

पानिपत फार दूरचे वाटत असेल, तर मेसोपोटेमियातले कुत-अल-अमारा घ्या. १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत त्या गावात कोंडलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. दाणा संपला, घोडे कापण्याची पाळी आली, धर्माच्या भयाने अनेक हिंदी शिपायांनी ते मांस तोंडात घातले नाही. शरणागतीनंतर जनरल टाउनशेंडला कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर इतमामाने ठेवण्यात आले, आणि त्याचे शिपाई वाळवंटातून हाकलले गेले, त्यांतले कित्येक वाटेतच मेले. हुकूम देणारा आणि तामील करणारा यांच्यातले अंतर याहून उघडेवाघडे कोठे सापडेल? त्या पलटणींतून गेलेली माणसे आमच्याच खेड्यांतली होती. त्यांच्यावर एकही मराठी चित्रपट नाही.

तेव्हा मराठी निर्मात्यांना सांगणे एवढेच, की तलवारी म्यान करा आणि दप्तर उघडा. आणि वाचकहो, यापुढे युद्धपट पाहून बाहेर पडाल तेव्हा स्वतःला तीन गोष्टी विचारा: हुकूम कोणी दिला, त्यावर सही कोणाची होती, आणि त्या रात्री तो कोठे जेवला. ज्या चित्रपटाला यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्यात माणसे कितीही मरोत, तो युद्धपट नव्हे.